हवाई चपलेच्या टायरांची शर्यतगाडी

माझा स्वभाव तापट. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कोणावर ओरडलो तर वाचणाऱ्यानं दचकायला नको. वडीगोद्रीला हमरस्त्याच्या कडेला आमच्या उस्तादांचं इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करायचं दुकान होतं, अन् तिथं मी नोझलचा मिस्त्री होतो. ट्रक असो का ट्रॅक्टर, इंजिनात डिझेल फवारतं ते नोझलमधून. त्याच्या आत पेन्सिलीच्या तुकड्याएवढी एक सुई असती. ती इतकी नेमकी बसावी लागती की केसाचा फरक चालत न्हाई. हे काम ताकदीचं न्हाई, बोटांचं. अन् माझी बोटं चांगली होती. उस्ताद तोंडावर कधी म्हणाले न्हाईत, पण गेवराईकडचे ट्रकवाले "त्यालाच बसवू द्या" म्हणून चहा पीत थांबायचे, तेवढं मला पुरं होतं.

अठ्ठ्याऐंशी साल असंल. ऐन उन्हाळ्यात शेजारच्या गॅरेजात एका ट्रकचा गिअरबॉक्स उतरवून राह्यले होते. माझा तिथं काडीचा संबंध न्हाई. पण ते चुकीचं उतरवतेत हे मला लांबून दिसलं अन् मला राहवलं न्हाई. "अरे असं न्हाई, सरका बाजूला," म्हणत मी गेलो, हात खाली घातला अन् गिअरबॉक्स पेलणारी साखळी सुटली. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गिअरबॉक्सच्या खाली. ओरडलो मी, पण आधी साखळी धरणाऱ्याला शिव्या दिल्या अन् मंग ओरडलो, असं बघणारे सांगतात.

जालन्याच्या डॉक्टरनं दीड महिना प्लास्टर ठेवलं. काढलं तेव्हा दोन्ही बोटं जागेवर होती, पण वाळल्या शेंगांसारखी ताठ. डॉक्टर म्हणाले, "हलवत राहा. बारीक बारीक कामं करा. हात गप ठेवू नका." मंग मला औषधाची चिठ्ठी देऊन दुकानात पाठवलं. मी गोळ्या घेऊन आलो तोवर बायको बाहेर बाकड्यावर येऊन बसलेली होती. आम्ही एसटी धरून गावी आलो.

दुसऱ्या दिवशी उस्ताद घरी आले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, दाढीला मेंदी, बोलणं अर्धं दखनी अर्धं मराठी. ओट्यावर बसले, माझा हात उलटापालटा करून बघितला अन् म्हणाले, "दसऱ्याला औजारांची पूजा झाली, की पहिलं नोझल तू बसवायचं. दर साली तूच बसवतो. बसलं तर टेबल तुझं. न्हाई बसलं, तर मला दुसरा मिस्त्री बघावा लागंल बेटा. गिऱ्हाईक थांबत न्हाई." खोटं कशाला सांगू, त्यांच्या जागी मी असतो तर दसऱ्यापर्यंतसुद्धा थांबलो नसतो.

आता बारीक काम म्हणजे काय करायचं? बायकोनं सुपात गहू टाकून पुढं ठेवले. "निवडा," म्हणाली. नोझलचा मिस्त्री मी, अन् ओसरीवर बसून गव्हातले खडे वेचू! त्यात शेजारच्या दोघी-तिघी आपापली सुपं घेऊन यायच्या अन् मला सुनेचं बाळंतपण, जावेचं भांडण असं सगळं ऐकावं लागायचं. चार दिवसांत गावातल्या निम्म्या घरांच्या भानगडी मला तोंडपाठ झाल्या. पाचव्या दिवशी सूप फेकून दिलं. बायकोनं एक शब्द न बोलता सगळे गहू झाडून भरले. तिचं असं गप राहणं मला लई लागायचं, म्हणून मी अजून ओरडायचो.

ती टेंभुर्णीची. घरात शिलाई मशीन होती, बायकांचे ब्लाऊज शिवायची, त्यावर घर चाललं होतं. एक दिवस बाजारातून शेंगदाणे घेऊन आली. पुडीचा कागद चांगला गुळगुळीत, परदेशी मासिकाचा. शेंगदाणे खाऊन झाल्यावर मी तो उलगडला अन् बघतच राह्यलो.

गाडी होती. पण गाडी म्हणावी तर कशी! सापासारखी लांब, पुढं सायकलीला लाजवतील अशी दोन बारीक चाकं, मागं डोंगराएवढी दोन चाकं, दोन्हींच्या मधी पिंजऱ्यात बसलेला टोपवाला माणूस, अन् त्याच्या पाठीमागं उघडंनागडं इंजिन. इंजिनातून चार चार नळ्या आभाळाकडं तोंड करून निघालेल्या. मी कागद घेऊन तडक शाळेच्या मास्तरांकडं गेलो. त्यांनी खालच्या दोन ओळी वाचल्या. म्हणाले, "ही अमेरिकेतली शर्यतीची गाडी. सरळ पाव मैल पळायचं, बस. वळायचं न्हाई, काही न्हाई. दोघं शेजारी शेजारी उभे राहतात, अन् विडी शिलगवायच्या आत निकाल."

"मंग हा तर शंकरपट झाला की!" मी म्हणालो.

आमच्याकडं बैलांचा शंकरपट असाच. सरळ रान, दोन जोड्या, झेंडा पडला की धूळ, अन् धूळ बसायच्या आत खेळ संपला. अमेरिकेतल्या लोकांनी बैल सोडून इंजिन जुपलं, एवढाच फरक. माझं डोकं त्या गाडीनं असं धरलं की जेवणावरून लक्ष उडालं. ठरवून टाकलं, ही गाडी आपण करायची. छोटी, पण हुबेहूब. अन् मनात एक हिशोब बांधला: ही गाडी झाली म्हणजे हात झाला. दसऱ्याच्या आत गाडी उभी राह्यली, तर नोझल बसणारच.

माप काढायचं कसं, हा पहिला प्रश्न. फोटोत फूटपट्टी थोडीच ठेवलेली असती. मंग त्या ड्रायव्हरचं डोकं धरलं. टोपासकट माणसाचं डोकं एक वीत. त्यावरून चाक किती, लांबी किती, सगळं काढलं. सोळा पट लहान करायची ठरली, म्हणजे गाडी दीड फुटाची. सांगाडा सायकलच्या तारांचा. तारा वाकवायच्या, जोडावर कथलाचा डाग द्यायचा, कानशीनं घासायचं. बायको सांडशीत तार धरायची, मी डाग द्यायचो. हात हलला की मी खेकसायचो, "नीट धर!" हलायचा तो माझाच.

इंजिनासाठी एका जळालेल्या पिस्टनचा तुकडा आणला अन् वीस-बावीस दिवस घासला. चाकांच्या मधल्या बारीक दांड्या इंजेक्शनच्या सुयांच्या. आकाशाकडं तोंड केलेल्या त्या आठ नळ्यांनी मात्र घाम फोडला. पेनाच्या पितळी रिफिली धुऊन घेतल्या, पण वाकवायला गेलं की मधीच चिमटायच्या. सात रिफिली वाया गेल्या. आठवी मी ओट्याखाली भिरकावली. बायको ती उचलून घेऊन आली अन् म्हणाली, "शेवाया वळताना पोकळ राह्यलं की तुटतं. आत काहीतरी भरून वाकवा की." मंग बारीक मीठ ठासून भरलं, दोन्ही तोंडं मेणानं बंद केली, अन् वाकवली. काय वळण आलं म्हणता! मी तिला शाबासकी द्यायला पायजे होती. मी म्हणालो, "हे मला सुचणारच होतं."

इथून पुढं माझ्या अकलेची कमाल ऐका.

मागच्या टायरांसाठी हवाई चपलेचा तळवा घेतला, दोन थर चिकटवले अन् गोल कापला. फोटोशी ताडून बघायला लागलो तर लक्षात आलं, फोटोतल्या गाडीचे टायर पार गोटा झालेत. एक नक्षी शिल्लक न्हाई. गुळगुळीत! मला त्या ड्रायव्हरची इतकी दया आली. एवढी भारी गाडी, एवढं चकाचक इंजिन, अन् मालकानं बिचाऱ्याला टायर घेऊन दिले न्हाईत! गोटा टायरवर गाडी पळवायची म्हणजे मरणाशी खेळ. आमच्या दुकानासमोर असे टायर घेऊन ट्रक उभा राह्यला तर मी ड्रायव्हरला खाली उतरवून झापायचो. मंग मी ठरवलं, याच्या मालकानं न्हाई दिले तर न्हाई, आपण देऊ. नवे, ट्रॅक्टरसारखे, जाड दातांचे, काळ्या मातीत रुतणार न्हाईत असे.

ब्लेडचं अर्धं पातं चिमट्यात धरून त्या रबरावर एकेक दात कोरला. तिरका, दोन्ही बाजूंनी मधी येणारा, सगळे एका उंचीचे. एक जरी तुटला तर अख्खा टायर बाद. तीन टायर बाद झाले, घरातल्या चपला संपल्या, बायको सात-आठ दिवस अनवाणी दळण आणायला गेली. पण शेवटी जे दोन टायर झाले ना, ते बघून मीच खूश झालो. उन्हात धरून फिरवायचो. म्हणायचो, बघ, हात परत आला!

पुढं दहा-बारा वर्षांनी घरी केबल आली, तेव्हा एका दुपारी तीच शर्यत टीव्हीवर लागली. मी बायकोला हाक मारून बोलावलं. बघतो तर सगळ्याच गाड्यांचे टायर गोटा! नवे कोरे, मुळातच गुळगुळीत. जमीन जास्ती धरावी म्हणून मुद्दाम तसेच करतात म्हणे. म्हणजे मी महिनाभर दयेपोटी जो दातांचा कारखाना घातला होता, तो सगळा बिनकामाचा. आणि ऐका, फोटोत गाडीच्या मागं एक छोटं गाठोडं दिसायचं. ती ड्रायव्हरची भाकरीची झोळी असणार, असं माझं मत पडलं होतं, अन् बायकोनं ब्लाऊजच्या कापडाची नाडीवाली झोळी शिवून मागं बांधली होती. टीव्हीत त्या झोळीतून छत्री निघाली! गाडी थांबवायची छत्री. आम्ही दोघं इतके हसलो की बायकोला ठसका लागला. पण हे फार पुढचं. तेव्हा मला माझे टायर म्हणजे अमेरिकेला दाखवलेला रस्ता वाटत होता.

गावाला मात्र त्या टायरांनी वेगळंच काही दाखवलं. पुढं बारीक चाकं, मागं दातवाले मोठे टायर, वर धूर सोडायच्या नळ्या. जो येईल तो म्हणायचा, "ट्रॅक्टर लई बराबर जमलाय हं! नांगर कधी करून राह्यले?" एक म्हातारा तर घरी जाऊन परत आला अन् मला विचारलं, "बसायला जागा पुढं कशी हाय? मागं वळून नांगर बघायचा कसा?" मी पहिल्या दहा जणांना समजावून सांगितलं. अकराव्यावर ओरडलो. त्यानंतर लोक मुद्दाम विचारायला यायला लागले.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी गाडी पुरी झाली. लाल रंग, शिसपेन्सिल घासून चमकवलेलं इंजिन, पिंजऱ्यात लाकडाचा टोपवाला माणूस. एका बोटानं ढकलली की ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायची, दोरी धरल्यासारखी. मी बायकोला म्हणालो, "झालं. आता दसरा माझा." ती हसली, पण तिचं ते हसणं अर्धंच होतं. मला वाटलं, शिवणाचं काम पडलंय.

दसऱ्याला दुकान झेंडूनं भरलेलं. पाने, टेस्टिंगची मशीन, जॅक, सगळं धुऊनपुसून मांडलेलं. उस्ताद दरवर्षी स्वतः नारळ आणायचे, फोडायचा मान मात्र पोरांना द्यायचे. बायकोनं हट्टानं माझ्यासोबत गाडी धाडली होती, ती पूजेत ठेवली. तिच्यावर कुणीतरी कुंकू वाह्यलं, आपट्याची पानं पडली. ओळखीचे ट्रकवाले, शेजारच्या गॅरेजातले, सगळे जमलेले. माझ्या हाताची गोष्ट सगळ्यांना म्हाईत होती. नारळाचा तुकडा तोंडात धरून सगळे माझ्याकडंच बघून राह्यले होते.

उस्तादनं डिझेलच्या ताटलीत नोझल ठेवलं. शेजारी डबीत नव्या सुया. सुईच्या चकचकीत अंगाला बोट लावायचं नसतं. टोकाशी धरायची, डिझेलात बुडवायची, नोझलात सोडायची, थोडी वर ओढायची अन् तिरकी धरून सोडून द्यायची. आपल्या वजनानं सावकाश, न अडकता खाली उतरली, तर बसली. नोझल उचललं, सुई बुडवली, सोडली, वर ओढली. सोडून दिली.

काय उतरली! तुपात बोट जावं तशी. न थांबता, न घसरता.

मी मान वर केली. वाटलं, आता सगळे वा वा म्हणतील. तर शेजारच्या गॅरेजातला एक जण म्हणाला, "आरं, दसऱ्याच्या दिवशी डाव्या हातानं?"

मी खाली बघितलं. नोझल माझ्या उजव्या तळहातात दाबून धरलेलं होतं. अन् सुई सोडून मोकळी झालेली बोटं डाव्या हाताची होती.

खरं सांगतो, मला स्वतःला पत्ता नव्हता. मी घाईनं म्हणालो, "थांबा, थांबा, चुकून झालं," अन् दुसरी सुई उजव्या हातानं उचलायला गेलो. ती दोन बोटं तिच्याजवळ गेली, अन् नुसतीच उभी राह्यली. मिटेनात. अंगठ्यानं रेटून कशीबशी उचलली तर निसटली अन् फरशीवर टण्णकन वाजली. पडलेली सुई परत बसवत न्हाईत. ती फेकायचीच असती. चार महिने जो हात परत आला, परत आला म्हणून मी उड्या मारत होतो, तो आलाच नव्हता. नळ्या वाकवल्या, दात कोरले, सगळं या दुसऱ्यानं.

उस्तादनं वाकून सुई उचलली, कचऱ्यात टाकली अन् दुसरं नोझल अन् तिसरी सुई ताटलीत ठेवली. "पहिली बसवली तशी बसव."

"उस्ताद, डावा हात हाय तो."

"हौ. तो सुईला काय मालूम, हात कोंचा हाय?"

मी बसवली. परत उतरली, पहिलीसारखीच. उस्तादनं टेबलावरचा दिवा डाव्या बाजूचा काढला अन् उजव्या बाजूला ठेवला, म्हणजे डाव्या हाताची सावली कामावर पडायला नको. मंग सगळ्यांना म्हणाले, "चाय पिओ अन् चला, खूप झालं." टेबल माझंच राह्यलं. पुढं बावीस वर्षं मी त्याच टेबलावर काम केलं.

घरी आलो तेव्हा मी आनंदात होतो का रागात, मलाच कळत नव्हतं. बायको ओट्यावर आपट्याची पानं निवडत बसली होती. मी म्हणालो, "नोझल बसलं."

"देवा!" म्हणाली अन् डोळे मिटले.

"डाव्या हातानं बसलं."

तिनं डोळे उघडले न्हाईत. मी समजलो. "तुला म्हाईत होतं?"

"टायर कोरायला बसलात, तेव्हाच मी तुमचा पाट भिंतीकडं सरकवला," ती म्हणाली. "उजवा कोपर भिंतीला लागावा अन् डावा मोकळा राहावा म्हणून."

"अन् मला सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलो. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असंल.

"प्लास्टर काढलं त्या दिवशी तुम्ही गोळ्या आणायला गेल्ता ना," ती खाली बघत म्हणाली, "तेव्हा डॉक्टरनं मला आत थांबवून सांगितलं. ही दोन बोटं काही येणार न्हाईत म्हणाले, पण त्यांना एवढ्यात सांगू नका, हात टाकून देतील. तुमचा स्वभाव मला म्हाईत न्हाई का? सांगितलं असतं तर त्या दिवशीच सगळं फेकून बसले असते."

ओट्याच्या पायरीवरच बसलो. चार महिने ही बाई एकटीच हे पोटात घेऊन फिरत होती. गहू झाडून भरले, सांडशी धरली, माझ्या टायरांपायी अनवाणी चालली, अन् मी रोज सकाळी बोट नाचवत तिलाच सांगत होतो, बघ, हात परत आला. ती दर वेळी "हो की" म्हणायची. मला हुंदका आवरला न्हाई.

ती उठली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "रडायचं तर पाय धुऊन घरात येऊन रडा. लोक बघून राह्यलेत, उद्या म्हणतील नोझल बसलं न्हाई."

मी पाय धुतले अन् घरात गेलो.